1818 ने कुणब्याचं काहीच बिघडलं नाही म्हणता?

कऱ्हाकाठ

परवा या चर्चेच्या पानावर एकांनी लिहिलं, "पेशवाई बुडाली ती पुण्यातल्या वाडेवाल्यांची. कुणब्याला काय फरक पडला? शनिवारवाड्यावर झेंडा कुणाचाही असो, सारा भरायचाच." त्यावर वाहवांचा पाऊस पडला. मला ते वाचून राहवेना.

सारा भरायचाच, कबूल. पण कुणाला, कशात, केव्हा, आणि नाही भरला तर काय होणार, यातच कुणब्याचा जन्म जातो. दुसऱ्या बाजीरावाने मामलती, म्हणजे मुलखाचा सारा वसूल करायचं काम, मक्त्याने दिल्या. ज्याची बोली जास्त तो मामलेदार, आणि तो बोली रयतेच्या मानेवर पाय देऊन वसूल करणार. या लुटीचं समर्थन मी करत नाही. पण पीक बुडालं तर पाटील चार माणसं घेऊन कचेरीत जाऊन बसायचा, घासाघीस व्हायची, काही सूट मिळायची, काही बाकी पुढल्या सालावर जायची.

पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या एल्फिन्स्टनसाहेबाने मक्ते बंद केले, ते चांगलंच केलं. पण दरबार मोडला, फौज मोडली, आणि देशावरचं धान्य विकत घेणारं मोठं गिऱ्हाईकच उठून गेलं. 1820 नंतर ज्वारी-बाजरीचे भाव कोसळले. सारा मात्र रोख रुपयांत. खळं उरकायच्या आत हप्ता दारात उभा, म्हणजे माल अगदी पडेल भावात काढायचा, तो घेणारा सावकार, आणि पेरणीला बी देणाराही तोच. त्यात कंपनीच्या प्रिंगलसाहेबाने मोजणी करून निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे ठरवले. हिशोब कागदावर देखणा होता. इंदापूर तालुक्यात जमिनी ओस पडल्या, माणसं बिऱ्हाड उचलून निजामाच्या मुलखात गेली. गाव सोडून जाणाऱ्याला सांगा, फरक पडला नाही म्हणून!

जुनी बखर

दादा, तुम्ही गोष्ट 1818 पासून सुरू करता, म्हणून ती अशी दिसते. आधीची वीस वर्षं सांगा ना. 1798 मध्ये शिंद्यांच्या फौजेचा पगार भागवायला सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या सावकारांना, कारभाऱ्यांना धरून मारहाण करून पैसे काढले. 1800 ला नाना फडणीस गेले आणि उरलासुरला धाक संपला. 1802 च्या ऑक्टोबरात हडपसरला शिंदे-होळकर लढले, पेशवा पळाला, डिसेंबरात वसईला सही करून आला. पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ. पेंढाऱ्यांच्या लुटारू टोळ्या वेगळ्याच. तुमचा पाटील चार माणसं घेऊन कचेरीत जायचा म्हणता, पण त्या काळात कचेरीत होतं कोण?

इंदापूरचंही अर्धंच सांगितलंत. प्रिंगलचा घोळ निस्तरायला 1835-36 ला गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी आले, आकारणी खाली आणली आणि 30 वर्षांसाठी बांधून दिली. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. हे लिहायला काय हरकत होती?

उपरी

तुम्हा दोघांच्याही लिखाणात गाव म्हणजे पाटील, कुळकर्णी, कुणबी. वेशीबाहेरचं कुणी दिसत नाही.

आमच्याकडे महारकी वतन होतं. वतन म्हटलं की लोकांना मान वाटतो. आमचे आजोबा सांगायचे, मध्यरात्री चावडीवरून हाक आली की ताटावरून उठून निघायचं. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवा, साहेबाच्या घोड्याला वैरण आणा, मेलेलं ढोर ओढा. मोबदला म्हणजे भाकरीचे तुकडे आणि दगडधोंड्यांची जमीन. पेशव्यांच्या राज्यात हेच, कंपनीच्या राज्यात हेच, राणीच्या राज्यात तर 1874 चा कायदा करून ते पक्कं केलं. बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कौन्सिलात याविरुद्ध विधेयक आणलं, तेही पार पडलं नाही. शेवटी 1958 च्या कायद्याने ते वतन गेलं. म्हणून ज्यांनी "फरक पडला नाही" लिहिलं, त्यांच्याशी मी सहमत आहे, फक्त कारण वेगळं आहे.

कऱ्हाकाठ

उपरी, तुमचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नाही. एवढंच विचारतो, कंपनीच्या पलटणीत महारांना जागा मिळाली, बाबासाहेबांचे वडील सुभेदार झाले, शाळा मिळाली. हा फरक नाही?

उपरी

पलटणीत गेले त्यांना मिळाला. नंतर भरती बंद केली तीही त्याच सरकारने. गावात राहिले त्यांचं काय?

भोरची लेक

कुणीतरी बायकांचंही बोला. पेशवाईत "बदकर्म" ठरवून कोतवालीने बाई धरली की तिला कुणबीण, म्हणजे दासी, करून किल्ल्यावर, कोठीवर नाहीतर पागेत कामाला धाडायचे. विक्री व्हायची, दफ्तरात किमती आहेत. कंपनीने तरी गुलामीला हात घालायला 1843 उजाडू दिलं.

गडवाट

ताई, तो विषय मोठा आहे, स्वतंत्र धागा काढा. इथे किल्ल्यांचं बोला. 1818 नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या किती गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या! आणि गडावरची शिबंदी? पिढ्यान्‌पिढ्या पहारा करणाऱ्या रामोशी, कोळी, बेरडांना एका हुकमाने घरी बसवलं. घर कसलं, पोटाला काही नाही. तिथूनच उमाजी नाईक उभे राहिले. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचा माणूस, कंपनीला पाच-सहा वर्षं झोप येऊ दिली नाही.

भोरची लेक

स्वतंत्र धागा! दर वेळी हेच ऐकते. किल्ल्यांवर धाडलेल्या बायका तुमच्या किल्ल्यांच्या इतिहासात बसत नाहीत का?

जुनी बखर

उमाजीला राजे म्हणण्याची नवी टूम मला पटत नाही. दरोडेखोर होता. आमच्या मूळ गावच्या वाड्याला दिंडीदरवाजाच्या आत, दोन्ही बाजूंच्या भिंतीत हातभर खोल भोकं आहेत, सागवानी अडसर सारायला. दिवेलागण झाली की अडसर घालायचा, तो रामोशांच्या भीतीने. आमची आजी नाव काढलं तरी दाराकडे बघायची.

गडवाट

तुमच्या वाड्याला अडसर होता, कारण वाड्यात नेण्यासारखं होतं! ज्याचं वतन गेलं त्याने काय करायचं होतं? साधा लुटारू असता तर सरकारने माफी देऊन गस्तीच्या कामावर ठेवला असता का? आणि तो पगार चालू असताना पुन्हा उठला असता का? 1831 च्या जाहीरनाम्यात साहेबांना मारा, कंपनीला वसूल देऊ नका, असं बजावलं होतं. दरोडेखोर जाहीरनामा काढत नाही. 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फाशी दिली. आपल्याच माणसांचा इतिहास आजीच्या भीतीवरून लिहू नका.

जुनी बखर

माझ्या आजीला मध्ये आणू नका. आणि एक राहिलंच. पुरंदरच्या रामोशांचे हक्क काढायला सुरुवात कुणी केली? दुसऱ्या बाजीरावाने. कंपनी नंतर आली. हे तुमच्या व्याख्यानांत कधी ऐकलं नाही.

गडवाट

बाजीरावाने केली, मग कंपनीने परत का दिले नाहीत? मोडला तो बाजीराव, आणि त्याच्या चुका मात्र जशाच्या तशा चालू ठेवल्या!

कऱ्हाकाठ

भांडा, पण माझा मुद्दा तुम्ही दोघेच सिद्ध करताय. पुरंदरच्या पायथ्याच्या माणसाने हत्यार उचलावं, वसूल देऊ नका म्हणावं, हे "काहीच फरक पडला नाही" अशा मुलखात घडत नाही.

जुनी बखर, विंगेटची आकारणी हलकी होती, लिहायला हवं होतं, मान्य. पण जमीन विकता-गहाण टाकता येण्याजोगी झाली, आणि सावकाराच्या हातात दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा आला. पूर्वी सावकार कुळाच्या दारात धरणं धरून बसायचा, गाव मध्ये पडायचं. आता बेलीफ येऊन बैल सोडून नेऊ लागला. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरंदुकानं फोडून वह्या आणि कर्जरोखे जाळले. शोधून शोधून कागद जाळले!

जुनी बखर

सुप्याचं मान्य. फरक पडला, हेही लिहून देतो. पण सगळं कंपनीनेच बिघडवलं असं म्हणाल तर 1802 ला पुणं सोडून पळालेली माणसं तुमच्या हिशोबात कुठे धरायची, ते आधी सांगा.

उपरी

आणि हेही सांगा, सुप्याला कागद जळले तेव्हा गावकीचं टपाल कोण पोचवत होतं. 1874 चा कायदा त्याच्या एकच वर्ष आधीचा आहे.