मदत हवी: नागपूरहून कुत्रा वरुडले आनाचा हाय

राम राम मंडळी, आमचा वाघ्या संत्र्याच्या पिकअपमंदी बसून कळमन्याच्या मार्केटले गेला अन् तिथल्या गर्दीत हरवला, गावठीच हाय, तांबडा, डाव्या कानाले चीर. आता इतवारीतली एक ताई म्हंते माह्याजवळ हाय, फोटोबी पाठवला, कान तं तोच दिसते. तिची आपली ना वळख ना पाळख, तरी रोज पोळी घालून रायली, अन् व्हिडिओ कॉलवर म्या आवाज देल्ला तं शेपटी हालवली ना बाप्पा! पन तिच्या गल्लीतला एक जन म्हंते कुत्रा त्याचा हाय. पट्टा नाई, कातडीखाली बसवतेत ते वळखीची चिप नाई (गावात कोन लावते चिप), मंग आपला हाय हे दाखवाचं कसं, जुने फोटो चालतीन का? दुसरं म्हंजे, रेल्वेत गार्डच्या डब्यात बुक करून आनता येते पन हा लय भेकड, फटाका वाजला तं कोठ्यात लपते. रेबीजचं इंजेक्शन आधी द्या लागन का? कोनाचा पिकअप कळमन्याहून वरुड-मोर्शीकडं रिकामा येत असन तं सांगा राजेहो, डिझेलचे पैसे देतो. इतवारीजवळ जनावराचा चांगला डॉक्टरबी सांगा, मांगचा पाय लंगडते म्हने.