जुने फिल्म कॅमेरे: कपाटात जपावेत की वापरावेत?

संधिप्रकाश (प्रश्न)

नमस्कार. चार महिन्यांपूर्वी माझ्या मामांनी कपाट आवरताना आपला पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेरा माझ्या हाती दिला आणि तेव्हापासून मोबाइलवर फोटो काढण्याची माझी सवय जवळजवळ सुटली आहे. कॅमेऱ्याला 50 मिलिमीटर, एफ/1.4 ची ताकुमार लेन्स आहे. शटर चढवताना अंगठ्याला जाणवणारा मऊ अडसर, बटण दाबताच आरसा उचलला जाण्याचा आवाज आणि त्यानंतर रोल धुऊन येईपर्यंत काहीही न दिसणे, या गोष्टींचा मला इतका लळा लागेल असे वाटले नव्हते.

आतापर्यंत तीन रोल वापरले. पहिला धुऊन आला तो संपूर्ण कोरा. दुसऱ्यातील 36 पैकी 11 चित्रे बरी होती. तिसऱ्यात एक चित्र असे निघाले की ते मी मोठे करून भिंतीवर लावले आहे: आई दाराच्या चौकटीत उभी राहून सुईत दोरा ओवते आहे आणि उजेड फक्त तिच्या बोटांवर पडला आहे. मोबाइल हाती असता तर मी तेच दृश्य दहा वेळा टिपले असते आणि बहुधा एकदाही पुन्हा पाहिले नसते.

मधल्या काळात ऑलिंपस ट्रिप 35 आणि झोर्की 4 असे आणखी दोन कॅमेरे घेतले. माझ्या परिचयातील एका संग्राहकांचे म्हणणे असे की, प्रत्येक क्लिकबरोबर जुन्या यंत्राची झीज होते, म्हणून असे कॅमेरे काचेच्या कपाटातच ठेवावेत. मला ते पटत नाही, पण त्याचे नीट उत्तरही देता येत नाही. जमवण्याचा आनंद आणि वापरण्याचा आनंद हे दोन वेगळे आहेत का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्यासोबत दोन लहान शंका: पहिला रोल कोरा का निघाला असावा? आणि लेन्समधून पांढऱ्या कागदाकडे पाहिले असता तो स्पष्टपणे पिवळसर दिसतो, हा दोष समजावा का?

शटरपडदा

लहान शंकांपासून सुरुवात करतो. रोल कोरा निघण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे फिल्मचे टोक उजवीकडच्या रिळात नीट अडकलेले नसते. आपण लिव्हर ओढत राहतो, आकडा पुढे सरकत राहतो आणि फिल्म मात्र डबीतच बसून असते. यावर सोपा उपाय आहे. मागचे झाकण लावल्यावर डावीकडची फिल्म उलटी गुंडाळण्याची मूठ हलक्या हाताने, ताण जाणवेपर्यंत फिरवून सैलपणा काढावा आणि मग लिव्हर ओढताना ती मूठ आपोआप फिरते का ते पाहावे. ती फिरत असेल तर फिल्म पुढे जात आहे. मी आजही प्रत्येक रोलला हे पाहतो.

पिवळेपणाचे कारण मोठे रंजक आहे. त्या काळी काही लेन्समध्ये काचेचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची क्षमता, वाढवण्यासाठी तिच्यात थोरियम ऑक्साइड मिसळत असत, आणि 50 मिलिमीटर एफ/1.4 ताकुमारचे नंतरचे प्रकार त्यांपैकीच आहेत. थोरियम किंचित किरणोत्सारी असल्यामुळे वर्षानुवर्षे ती काच आतूनच पिवळी पडत जाते. नेहमीच्या वापरात काळजीचे कारण नाही. ते भिंग फोडू किंवा घासू मात्र नये. अतिनील प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली लेन्स काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराचसा उतरतो. हे काम उन्हावर सोपवू नये, कारण लेन्स सूर्यकिरण एकवटून शेजारची वस्तू पेटवू शकते. कृष्णधवल फिल्म वापरत असाल तर हा पिवळेपणा सौम्य पिवळ्या फिल्टरसारखे काम करतो, आकाश किंचित गडद येते आणि ढग उठून दिसतात, त्यामुळे मी माझी लेन्स मुद्दाम तशीच राहू दिली आहे.

आता झिजेविषयी. तुमच्या परिचितांचे म्हणणे अर्धे खरे आहे. यंत्र चालले की झिजते, परंतु ते थांबून राहिले की त्यातील वंगण घट्ट होते, आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत मला ही दुसरी गोष्टच अधिक वेळा आढळली आहे. एक सेकंद, अर्धा सेकंद असे संथ वेग ज्या दातेरी चाकांच्या आधाराने मोजले जातात, ती चाके वर्षानुवर्षे हलली नाहीत की आखडतात. मग शटर अर्ध्यावर थबकते किंवा एका सेकंदाचे दोन करते. म्हणून कॅमेरा वापरात नसला तरी महिन्यातून एकदा सर्व वेगांवर शटर चालवावे आणि नंतर ते न चढवता, म्हणजे स्प्रिंगवर ताण न ठेवता, कॅमेरा ठेवून द्यावा. स्वयंचलित टायमरची दांडी मात्र जुन्या कॅमेऱ्यावर सहज म्हणून ओढू नये, कारण ती अडकली तर पुष्कळदा सगळे शटरच अडकते.

झोर्कीसाठी दोन पथ्ये आहेत. शटर चढवल्याशिवाय वेगाची चकती फिरवू नये. आणि त्यात आरसा नसल्यामुळे लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात सोडला, तर सूर्याचे प्रतिबिंब थेट कापडी पडद्यावर पडून त्याला भोक पडू शकते, म्हणून झाकण लावण्याची सवय ठेवावी.

मंदगती

यंत्राची बाजू वरील प्रतिसादात उत्तम आली आहे. मला वापरण्याच्या आनंदाविषयी थोडे विस्ताराने लिहायचे आहे. माझ्याकडे एकच जुना कॅमेरा आहे, रोलायफ्लेक्स. या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचा पहिला नमुना 1929 साली आला आणि माझा त्यानंतरच्या ऑटोमॅट प्रकारातला आहे. वरच्या भिंगातून आपण पाहायचे आणि खालच्या भिंगातून चित्र घ्यायचे. 120 नावाच्या रुंद फिल्मच्या एका रोलवर 6 बाय 6 सेंटिमीटरची फक्त 12 चित्रे बसतात.

तो कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरून, मान खाली घालून घासलेल्या काचेवरचे दृश्य पाहायचे असते. ते दृश्य सरळ असले तरी डावे-उजवे बदललेले असते, त्यामुळे माणूस डावीकडे चालला की काचेवर तो उजवीकडे जातो आणि त्याला चौकटीत ठेवण्यासाठी आपला हात सुरुवातीला हमखास चुकीच्या दिशेने वळतो. पहिले दोन महिने मी यावर चिडत होते. मग एके दिवशी लक्षात आले की, उलटे दिसत असल्यामुळेच मी ओळखीचा चेहरा ओळखीचा म्हणून पाहत नाही, तर कपाळावरचा उजेड, खांद्याचा उतार, मागच्या भिंतीची काळी पट्टी असे सुटे सुटे पाहते आणि मग ते जुळवते.

दुसरी गोष्ट समोरच्या माणसाविषयीची. कॅमेरा डोळ्यासमोर आला की माणसे सावध होतात, हसू ओढून आणतात. मान खाली घातलेल्या व्यक्तीसमोर तसे होत नाही. शिवाय या कॅमेऱ्यात उचलला जाणारा आरसा नसल्याने आवाज अगदी बारीक येतो. माझे वडील भिंतीवरचे घड्याळ खोलून दुरुस्त करत असताना मी त्यांच्यासमोर वीस मिनिटे बसून होते आणि त्या वेळात केवळ तीनच चित्रे घेतली. त्यांतल्या दुसऱ्या चित्रात ते चिमट्याने एक चक्र उजेडाकडे धरून पाहत आहेत. ते आता नाहीत. त्या वीस मिनिटांत मी त्यांच्याकडे जितके निरखून पाहिले तितके त्याआधी कधी पाहिले नव्हते, आणि हे त्या बारा चित्रांच्या मर्यादेमुळेच घडले असे मला अगदी मनापासून वाटते.

जुनीपेटी

मी संग्राहक आहे, त्यामुळे कपाटाच्या बाजूनेही कोणीतरी बोलावे म्हणून लिहितो. माझ्याकडे 19 कॅमेरे असून त्यांतील 7 आज चालत नाहीत. ते मी टाकलेले नाहीत आणि टाकणारही नाही, कारण कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले की त्यांची आपसातली नाती दिसू लागतात, आणि ती एकच कॅमेरा वापरून कळत नाहीत.

एक उदाहरण देतो. सिनेमाच्या 35 मिलिमीटर फिल्मवरील चौकट 18 बाय 24 मिलिमीटरची होती. लायका कॅमेऱ्याचे जनक ऑस्कर बार्नाक यांनी तीच फिल्म कॅमेऱ्यात आडवी चालवून दोन चौकटींची जागा एका चित्राला दिली, त्यातून 24 बाय 36 चे माप आले आणि 1925 साली लायका बाजारात आल्यावर ते रूढ झाले. पुढे 1959 साली ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानी यांनी रचलेल्या पेन कॅमेऱ्याने ती चौकट पुन्हा अर्धी केली, म्हणजे 36 च्या रोलवर 72 चित्रे मिळू लागली आणि माप परत सिनेमाच्या 18 बाय 24 वर आले. फरक इतकाच की फिल्म आता आडवी धावत असल्याने चित्र उभे झाले. हे मला माहीत होते, पण ज्या दिवशी दोन्ही कॅमेऱ्यांची मागची झाकणे उघडून शेजारी ठेवली त्या दिवशी ते खरोखर समजले.

तरीही संधिप्रकाश, तुमच्या परिचितांशी मी सहमत नाही. माझ्या एका कॅमेऱ्याचा तळाचा पत्रा उघडला तेव्हा आतल्या बाजूला दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने कोरलेल्या चार वेगवेगळ्या तारखा आढळल्या. कोणीतरी तो चार वेळा बिघडेपर्यंत वापरला आणि चार वेळा परत नीट करून घेतला. माझ्या संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू मी त्यालाच मानतो, आणि तो मी दर पावसाळ्यानंतर एका रोलसाठी बाहेर काढतो.

ठेवण्याबाबत एवढेच सांगतो की, चामड्याची पेटी दिसायला कितीही सुंदर असली तरी कॅमेरा तिच्यात कायमचा ठेवू नये. चामडे ओल धरते आणि लेन्सला बुरशी लागते. पेटी वेगळी ठेवावी आणि कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. ट्रिप 35 ला बॅटरी लागत नाही, भिंगाभोवतीची सेलेनियमची पट्टीच उजेड मोजते. ती जिवंत आहे का हे पाहण्यासाठी चकती ए (स्वयंचलित) या खुणेवर ठेवावी आणि भिंगाचा पुढचा भाग हाताने पूर्ण झाकून बटण दाबावे. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि शटर उडाले नाही, तर ती यंत्रणा अंधार ओळखते आहे. त्यानंतर लख्ख उजेडात पट्टी येत नाही आणि शटर उडते, हेही तपासावे.

संधिप्रकाश

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. ट्रिप दोन्ही चाचण्यांत उतरला. झोर्कीचे झाकण आता एका दोरीने कॅमेऱ्यालाच बांधले आहे. स्पॉटमॅटिकमध्ये चौथा रोल घालताना डावीकडची मूठ फिरते का हे पाहत बसलो आणि ती प्रथमच फिरताना दिसली तेव्हा पहिल्या रोलचे कोडे उलगडले.

हा रोल मी स्वतः धुतला. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म चक्रीवर चढवताना पहिल्यांदा ती तीनदा अडकली. डेव्हलपर 20 अंशांवर आणला, घड्याळ लावले, दर मिनिटाला टाकी उलटीसुलटी केली, मग फिक्सर, मग पाणी. झाकण उघडून ओली पट्टी उजेडासमोर धरली आणि तिच्यावर उलट्या छटांतली माणसे उभी असलेली दिसली, तेव्हा मी घरातल्या सर्वांना हाक मारली. मामांना फोन करून सांगितले, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "संथ वेग अजून नीट चालतात ना? एक सेकंदावर कानाशी धरून बघ." मी फोनजवळ कॅमेरा धरून शटर उडवले आणि त्यांनी पलीकडून, नीट ऐकून, बरोबर आहे असे सांगितले.