अनुभव धागा: ब्लॅकजॅक, पत्ते मोजणं आणि टेबलावरची गर्दी

इस्पिकचा_एक्का
भाच्याने काल फोनवर विचारलं, "मामा, टेबलावर सात जण असले की एका डावात ढीगभर पत्ते दिसतात. मग मोजणाऱ्याची चंगळच ना?" ब्लॅकजॅक म्हणजे एकवीसच्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा खेळ. तेव्हापासून जहाजावरचे दिवस डोक्यात घोळताहेत. बंदराला लागलो की आम्ही तिघं-चौघं कॅसिनो गाठायचो. हाय-लो ही पत्ते मोजायची पद्धत तोंडपाठ. दुर्री ते छक्की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का उणे एक. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागलं की खरा काउंट. तो चढला म्हणजे मोठे पत्ते जास्त उरलेत, बाजू आपली.

एका रात्री सहा कॅटांचा शू (पत्ते वाटायची पेटी), टेबल गच्च. बराच वेळ नुसती झीज. मग बारके पत्ते सपासप निघाले आणि खरा काउंट पाचच्या वर गेला. पैसे वाढवले. सात जण आणि डीलर मिळून आठ हात, हाताला सरासरी पावणेतीन पत्ते. एका डावात वीस-बावीस पत्ते खलास! ज्या काउंटची वाट बघत बसलो, त्यावर जेमतेम दोन डाव मिळाले आणि कट कार्ड, म्हणजे आता पिसा असं सांगणारं पान, बाहेर. माझ्या दश्श्या शेजारी घेऊन गेले.

लिहा मंडळी, तुमचं काय?

तिर्री
गच्च टेबलावर बसावंच कशाला? सहा कॅट म्हणजे ३१२ पत्ते. मागचा दीड कॅट कापला तर २३४ खेळात. एकटी बसले तर डावाला साधारण साडेपाच पत्ते जातात, म्हणजे चाळिसाच्या वर डाव. त्याच शूत तुम्हा सात जणांना अकरा! तासाचं बघाल तर एकट्याला दोनशेच्या आसपास, सात जणांत पन्नाशीच्या आसपास. डीलरचा हात किती चालतो त्यावरही आहे म्हणा. बाळ उठलं, येते नंतर.

चौकटचा_गुलाम
शेवटच्या खुर्चीवाले हात वर करा 😄 मी मुद्दाम तिथे बसायचो, बाकीच्यांचे पत्ते बघून मग आपलं ठरवायचं. डीलरची तिर्री, माझे बारा, काउंट उण्यात. अशा वेळी पत्ता घ्यायचाच असतो. घेतला. राजा आला, बावीस, फुटलो. डीलरने झाकलेला पत्ता उलटला तर दश्शी. तेरा. त्यावर अठ्ठी. एकवीस! अख्खं टेबल माझ्यावर उठलं. "त्याचा राजा खाल्लास" म्हणून एक गृहस्थ टोकन गोळा करून निघूनच गेले. त्याच्या आधी मी घेतलेल्या पत्त्यामुळे डीलर फुटला होता, तेव्हा कोणी पाठ थोपटली नव्हती.

इस्पिकचा_एक्का
हाहा, असे गृहस्थ प्रत्येक बंदरात असतात.

गणिताची_बाई
गुलाम, तुमच्यावर उठलेल्यांचं आणि एक्का यांच्या "माझ्या दश्श्या नेल्या"चं दुखणं एकच आहे. शेजाऱ्याने न बघता उचललेला पत्ता राजा असण्याची शक्यता जेवढी, तेवढीच तुमच्याकडे येणाऱ्या पुढच्या पत्त्याची. मध्ये कितीही पत्ते जाऊ देत, खरा काउंट सरासरीने होता तिथेच राहतो. दर हातामागचा फायदा गर्दीने घटत नाही. घटतात ते डाव. आणि मोजणाऱ्याची कमाई मूठभर चांगल्या डावांवरच असते, म्हणून त्याला ते झोंबतं. न मोजणाऱ्याला मात्र गर्दी बरी. डाव कमी, तेवढं हरणंही सावकाश.

गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ संगणकावर हिशेब मांडले आणि १९६२ला पुस्तक काढलं, तेव्हापासून मुळातलं गणित हेच. वह्या तपासायच्यात, पळते.

रात्रपाळी
कोणीच पालथ्या पत्त्यांचं बोललं नाही. एक कॅट, खेळणाऱ्यांचे पत्ते हातात झाकलेले. तिथे गर्दी म्हणजे शिक्षाच. सुरुवातीला वाटलेल्या पत्त्यांतले आपले दोन आणि डीलरचा एक एवढेच दिसतात. मग डीलर सगळ्यांचे हात फटाफट उलटे करून गोळा करतो, तेवढ्या दोन-चार सेकंदांत वाचायचं. माझं दर वेळी तिसऱ्या माणसापाशी अडायचं.

शिवाय तिथला हिशेब सहाचा असतो बऱ्याच ठिकाणी. माणसं अधिक डाव बरोबर सहा. एकटे असाल तर पाच डाव, तिघं असाल तर तीन, पाच जण असले की एकच डाव आणि लगेच पिसणं. पहिल्या डावाला पैसे लावताना काउंट शून्यच असतो, मग पाच जणांत मोजायचं काय कपाळ?

तिर्री
@रात्रपाळी पहिल्यांदाच ऐकलं हे. भारी.

बदामराणी
आमच्या ह्यांना रमीत टाकलेलं पानसुद्धा आठवत नाही आणि इथे लोक शू लक्षात ठेवतात 🙏

चौकटचा_गुलाम
पानं कुठे लक्षात ठेवतोय ताई, एकच आकडा. दश्शीला पंजी भेटली की दोन्ही सोडून द्यायचे. भरल्या टेबलावर खेळणाऱ्यांची पहिली चौदा पानं उघडी पडतात, त्यात जोड्या कटल्या की हातात दोन-तीनच उरतं. इन्शुरन्सला (डीलरचा एक्का दिसला की त्याच्या ब्लॅकजॅकवर लावायची जादा पैज) तर गर्दी फायद्याचीच. ठरवायच्या आधी एवढे पत्ते दिसलेले असतात, खरा काउंट तीन किंवा वर आहे की नाही ते नेमकं कळतं.

रात्रपाळी
पत्ते सतत पिसत राहणारं मशीन असेल तर हे सगळं विसरा. पत्ते सारखे परत आत जातात. 😴

इस्पिकचा_एक्का
गर्दीवरचा खरा उतारा पत्ते मोजणारे अल फ्रान्सेस्को यांनी सत्तरच्या दशकात काढला. टोळीतले मोजणारे भरल्या टेबलांवर किरकोळ पैसे लावत बसायचे, काउंट चढला की खूण. मग मोठा खेळाडू येऊन फक्त चांगले डाव खेळणार. त्यांच्यातल्या केन अस्टन यांनी पुढे मोजणाऱ्यांना हाकलण्याविरुद्ध न्यू जर्सीत खटला लढवला आणि १९८२ला जिंकला. आता बऱ्याच टेबलांवर शूच्या मध्ये बसूच देत नाहीत.

तिर्री
बाळ झोपलं! एक्का, पुढच्या वेळी गर्दीत अडकलात आणि शेजारची जागा रिकामी असली तर दोन हात घ्या. तुम्ही, आणखी दोघं आणि डीलर म्हणजे चारातला एक हात तुमचा. दोन घेतले की पाचातले दोन. प्रत्येकावर नेहमीच्या पाऊणपट लावलं तरी जोखीम साधारण तेवढीच.

रात्रपाळी
एकटाच असेन तर?

तिर्री
तर नको. दुसऱ्या हाताने पत्ते दीडपट जातात आणि पैसेही मिळून दीडपटच लागतात. हाती तेच. नुसती डोकेदुखी.