कॅमेऱ्यावरचा आयएसओ हे माप आहे की कंपनीची मर्जी?

शहापूरकर

मुद्दा थेट मांडतो, शिव्या नंतर घाला. फिल्मच्या डब्यावर छापलेला आयएसओचा आकडा, म्हणजे फिल्म किती कमी प्रकाशात काम करते तो तिचा वेग, हे माप होतं. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातला आयएसओ बऱ्याचदा कंपनीने चिकटवलेलं लेबल असतं. तरी दोन्हीला आपण एकाच नावाने हाक मारतो आणि आपल्या मे महिन्याच्या फोटोग्राफी शिबिरात पोरांना बिनदिक्कत सांगतो की 'आयएसओ वाढवला की सेन्सरची संवेदनशीलता वाढते' (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसलेला, प्रकाश टिपणारा भाग). यंदा हा धडा काढून टाकावा असं माझं म्हणणं आहे.

काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हचा वेग कसा ठरायचा? फिल्मच्या पट्टीवर कमीपासून जास्त असा पायरीपायरीने प्रकाश द्यायचा, ठरलेल्या पद्धतीने ती धुवायची आणि काळेपणा मोजायचा. प्रकाश न पडलेली फिल्मसुद्धा थोडी धुरकट असतेच. त्या धुरकटपणापेक्षा ०.१ एवढा काळेपणा जिथे चढला, तिथे किती प्रकाश लागला ते बघायचं. कमी प्रकाशात चढला तर फिल्म वेगवान. कॉन्ट्रास्ट किती यावा हेसुद्धा ठरलेलं, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनात, डेव्हलपरमध्ये, जास्त वेळ उकडून आकडा फुगवायची सोय नाही. हीच चाचणी कुठल्याही प्रयोगशाळेत करून कंपनीला खोटं पाडता यायचं.

सेन्सरचं तसं नाही. १०० वरून ३२०० वर गेलात म्हणून सेन्सर प्रकाशाचा एकही कण, एकही फोटॉन, जादा पकडत नाही. जे पकडलंय तेच फुगवून दाखवतो. आणि किती फुगवलं म्हणजे ३२०० म्हणायचं, याचं उत्तर शोधायला गेलो तर गंमत आहे. डिजिटलसाठीचं मानक १९९८ साली आलं, क्रमांक १२२३२. त्यात २००६ साली आरईआय नावाची पळवाट घातली. तिचा अर्थ एवढाच की फोटो बरा दिसायला किती एक्सपोजर द्यावं, ते कंपनीने आपल्या मतानुसार सांगावं. मत! याला माप म्हणायचं?

निपाणीचा फोटोवाला

साहेब, आमच्याकडं लग्नाचा सीझन चालू हाय आणि तुम्ही काळेपणा मोजत बसलाय.

कार्यालयात मागं एलईडीची भिंत, वर पिवळे बल्ब, मधेच व्हिडिओवाल्याचा पांढरा लाईट. अंतरपाट सरकला की अक्षता उडणार आणि तो क्षण परत येत नाही. त्यावेळी मी शटर किती वेळ उघडं ते बघतो, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक बघतो, आयएसओ ऑटोवर. माझ्याकडं दोन वेगळ्या कंपन्यांच्या बॉडी हायत. तीच लेन्स नसंल तर सोडा, पण सगळे आकडे सारखे ठेवले तरी एकीचा फोटो जरा दबूनच येतो. मग? सीझनच्या सुरुवातीला एकदा भिंतीवर मारून बघायचं, दबणारीला तेवढं प्लस ठेवायचं, विषय संपला. माप असू दे नाहीतर मर्जी, रोज तीच मर्जी असली म्हणजे झालं.

टिळकवाडीचा रोलवाला

शहापूरकर, फिल्मला एवढं सोवळं नेसवू नका. मी अजून फिल्मच वापरतो, म्हणून सांगतो.

१९६० साली अमेरिकेत एएसए या तिथल्या मानक-संस्थेचं फिल्मच्या वेगाचं मानक बदललं. जुन्या आकड्यात फिल्म अंडरएक्सपोज होऊ नये म्हणून सुरक्षिततेची भरपूर जागा ठेवलेली होती, ती काढून टाकली. कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म आदल्या दिवशी २०० होती ती ४०० झाली. कारखान्यात इमल्शनचा, म्हणजे फिल्मवरच्या लेपाचा, एक थेंबही बदलला नव्हता! काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह फिल्मा कागदावर दुप्पट वेगवान झाल्या. हे तुमचं माप.

दुसरं उदाहरण तर अजून दुकानात मिळतं. इलफर्डच्या डेल्टा ३२०० या फिल्मच्या डब्यावर ३२०० लिहिलेलं असतं. त्याच कंपनीच्या माहितीपत्रकात आयएसओ वेग दिलाय १०००. बाकीची वाढ डेव्हलपरमध्ये जादा वेळ ठेवून मिळवायची. कुंद्याचं वजन खोक्यासकट करायचं की खोक्याशिवाय, तसलाच हा प्रकार. कुंदा तेवढाच राहतो, चिठ्ठीवरचा आकडा बदलतो.

आणि त्याआधी तर नुसता बाजार होता. इंग्लंडात हर्टर आणि ड्रिफिल्ड यांचे आकडे, जर्मनीत शायनर यांचे अंश, अमेरिकेत वेस्टन मीटरचे स्वतःचे. रशियाचा गोस्ट हा आकडा १९८७ पर्यंत वेगळाच चालला. माझ्या जुन्या झेनिट या रशियन कॅमेऱ्यावर ६५, १३०, २५० असे आकडे आहेत, शंभर-दोनशे शोधून सापडत नाहीत. त्या काळच्या फोटोवाल्यांचे फोटो आले नाहीत का?

शहापूरकर

आले की. पण दोन गोष्टींची सरमिसळ होतेय.

१९६० चा बदल नियमात झाला, सगळ्यांसाठी एकदम झाला आणि छापून सांगून झाला. डेल्टाचं तर तुम्हीच म्हणालात, कंपनी स्वतः कागदावर १००० लिहिते. म्हणजे बाहेरचा आकडा विक्रीचा आणि आतला आकडा मापाचा, आणि आतला तपासता येतो. माझी तक्रार तपासण्याबद्दल आहे. आरईआयमध्ये तपासणार कशाच्या विरुद्ध? कंपनी म्हणाली '४००', मग ते ४००.

निपाणीकर, तुमची एक बॉडी दबते म्हणता, ते माझ्याच बाजूने गेलं बघा.

टिळकवाडीचा रोलवाला

अर्धंच सांगताय तुम्ही. २००६ च्या त्याच सुधारणेत एसओएस नावाची दुसरी रीतही आली. दोन्ही जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेने दोन वर्षं आधी मांडलेल्या. एसओएसमध्ये मर्जीला जागा नाही. जेपीईजीमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, ० ते २५५ पैकी ११८ ही पातळी यायला सेन्सरवर किती प्रकाश पडावा लागतो, ते मोजायचं आणि त्यावरून आकडा काढायचा. हे तुमच्या ०.१ काळेपणाइतकंच तपासण्याजोगं आहे. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत आकड्याशेजारी एसओएस लिहिलंय की आरईआय, ते बघायची तसदी आपल्यापैकी किती जण घेतात?

शहापूरकर

एसओएस मान्य. पण ते जेपीईजीपुरतं. रॉ फाईलला, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीला, यातलं काहीच लागू नाही आणि शिबिरात आपण पहिल्या दिवशी सांगतो की 'रॉमध्येच काढा'.

खानापूर घाट

मी भांडणात उशिरा आलो, जंगलात नेट नसतं.

संवेदनशीलतेचा धडा काढा, याला माझा पाठिंबा. पण लेबल म्हणून आयएसओला तुच्छ लेखणं पटत नाही. जुलैत भीमगडच्या बाजूला या एकदा. दुपारी दोन वाजता झाडाखाली संध्याकाळ असते. पक्षी हलतोय, शटर खाली आणता येत नाही, लेन्स पूर्ण उघडी. आता मी आयएसओ ६४०० लावला काय किंवा ८०० वर काढून घरी तीन स्टॉप उचलला, म्हणजे तीनदा दुप्पट उजळ केला काय, माझ्या कॅमेऱ्यात दाणा, म्हणजे फोटोतला खरखरीतपणा, जवळपास सारखाच दिसतो. कारण दाणा आयएसओमुळे येत नाही, प्रकाश कमी पडला म्हणून येतो. उलट ८०० वर काढलं तर पानांतून घुसलेल्या उन्हाचा ठिपका जळत नाही, हा फायदाच. सगळ्या कॅमेऱ्यांत असं होत नाही. काहींत एका ठरावीक आकड्यावर आतलं सर्किट बदलतं आणि सावल्या एकदम स्वच्छ होतात. तो आकडा ज्याने त्याने आपल्या बॉडीत शोधावा.

फिल्ममध्ये हे जमायचं नाही. तिथे वेगवान फिल्म म्हणजे चांदीच्या क्षारांचे कण मोठे, तो दाणा कारखान्यातूनच यायचा. तेव्हा पोरांना शिकवायचं असेल तर दोन्ही शेजारी ठेवून शिकवा. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात त्या रात्री शटर आणि अ‍ॅपर्चर बांधून द्या, निम्म्यांना आयएसओ चढवायला सांगा, निम्म्यांना खाली ठेवून नंतर उचलायला सांगा. सकाळी फोटो शेजारी शेजारी लावा. व्याख्यान लागणार नाही.

निपाणीचा फोटोवाला

आणि त्या निम्म्यांनी कॅमेऱ्याच्या मागं काळा पडदा बघून 'सर, काहीच येईना' म्हटलं तर? गिऱ्हाईक पाठीमागून स्क्रीन बघतंय, मामा लोक 'दाखव की जरा' म्हणतात. आठशेवर काढून घरी उचलतो म्हणून सांगू त्यांना? जंगलातलं पाखरू स्क्रीन बघत नाही, म्हणून चालतंय तुमचं.

चिकोडीचा जुना स्टुडिओ

तुम्हा सगळ्यांचं वाचून करमणूक झाली. आमच्या डार्करूममध्ये डब्यावरच्या आकड्याची किंमत पंखा बंद पडेपर्यंत असायची.

डेव्हलपर आम्हीच कालवायचो. डी-७६, लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन. पाणी २० अंशाला पाहिजे असं कागदावर. चिकोडीत एप्रिलमध्ये नळाचं पाणीच अंग भाजतं, मग ट्रेखाली बर्फाचा तसराळा. बर्फ वितळला की वेळ कमी करायचा, नाहीतर निगेटिव्ह काळीठिक्कर. शिवाय रोल कुठं पडून होता कुणास ठाऊक. उटीच्या सरकारी कारखान्याचा इंदू असो नाहीतर पूर्व जर्मनीचा ओर्वो, दुकानदाराच्या पत्र्याच्या कपाटात दोन उन्हाळे काढलेल्या रोलला छापील वेग कसला राहतोय? म्हणून १२५ चा ओर्वो आम्ही ८० धरून मारायचो. सावल्या मिळायच्या. गिऱ्हाइकाच्या हातातल्या क्लिक थ्री कॅमेऱ्याला तर आकडा लावायची जागाच नव्हती. ऊन की ढग एवढंच विचारायचा तो डबा, आणि फोटो यायचेच.

तेव्हा शहापूरकर, तपासता येतं हे खरं, पण तपासायचं आपण आपल्या घरात. प्रयोगशाळेचं २० अंश प्रयोगशाळेपाशी.

आता माझं एक खरं भांडण आहे आणि त्यात कुणी पडलंच नाही. १९७४ साली अमेरिकेचा एएसए आणि जर्मनीचा डीआयएन एकत्र करून आयएसओ केला, दोन्ही आकडे छापायचे ठरले, ४००/२७° असे. पुढं आळसाने सगळ्यांनी दुसरा आकडा टाकून दिला. टाकायचा होता तर पहिला टाकायचा! डीआयएनमध्ये तीन अंश चढले की वेग दुप्पट. १०० म्हणजे २१, २०० म्हणजे २४, ४०० म्हणजे २७. तुमचे १२८०० आणि २५६०० असले आकडे त्यात ४२ आणि ४५ होतात. पोराला लाखाचे आकडे कशाला पाठ करायला लावता?

टिळकवाडीचा रोलवाला

काका, इथे मात्र विरोध. कडक उन्हात अ‍ॅपर्चर सोळा आणि शटर म्हणजे एक भागिले फिल्मचा आकडा, हा नियम मीटर बंद पडला तरी हाताशी असतो. ४०० ची फिल्म, शटर पाचशे. डीआयएनमध्ये २७ वरून शटर काढून दाखवा की ओ.

चिकोडीचा जुना स्टुडिओ

२१ ला सव्वाशे, २४ ला अडीचशे, २७ ला पाचशे. तीन चढले की शटरचा एक खटका. भागाकार तुम्ही करताय, मी नाही.

निपाणीचा फोटोवाला

काका, शिबिराला याच तुम्ही. फक्त मेटॉल आणू नका, पोरांच्या आया मला धरतील.