रास्पबेरी पाय ३ वर चालणारा ड्रायव्हर पाय ४ वर लोड होतो, पण रिले हलत नाही

सावदा_चेंबर

राम राम मंडळी. सावद्याजवळ आमच्या केळी पिकवायच्या खोल्या आहेत. पंखे, कूलिंग, इथिलीनचा व्हॉल्व्ह आणि दाराचा स्विच हे सगळं एका छोट्या संगणक-बोर्डावर, रास्पबेरी पाय ३ वर, चालत होतं. मे महिन्यात ते बोर्ड गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये, कंडेन्सरच्या शेजारी बसवलेलं, किती दिवस टिकणार! दुकानदाराकडे ४ जीबीचं पाय ४ होतं, ते आणलं. त्यावर ६४ बिटची सिस्टीम टाकली, जुना कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जोडायचा आमचा ड्रायव्हर) पुन्हा कंपाइल केला, तो लोडही झाला. लॉगमध्ये एक ओळ तक्रारीची नाही.

पण रिले एकही वाजत नाही. पिन वाचली तर भलतेच आकडे येतात. आणि दोनदा रिले चालू-बंद करायला गेलो की बोर्ड मधेच गोठतं, वायर काढूनच सुरू करावं लागतं.

कोडमध्ये सुरुवातीलाच ३एफ२००००० हा पत्ता (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत) लिहिलेला आहे आणि तो आयओरीमॅपला, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता कोडला वापरता येईल असा करून देणाऱ्या फंक्शनला, दिलाय. पुढे पॉइंटरवर थेट व्होलाटाइल (कंपायलरने वाचन-लेखन गाळू नये म्हणून) लावून लिहिणं-वाचणं चालतं. गॅस सेन्सरचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) एमसीपी३२०८ आहे. त्याच्यासाठी वेगळी फाइल आहे, तिच्यात डीएमए आहे, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत लिहिणं. ज्या पोराने हे लिहिलं तो आता पुण्याला. फोन उचलतो, पण त्यालाही आता काही आठवत नाही.

खोल्या सध्या हाताने चालवतोय. रात्री उठून तापमान १६ ते १८ च्या मध्ये आहे का ते बघायचं. आते काय करू भो?

भुसावळ_यार्ड

सोपं आहे. पाय २ आणि ३ वर जीपीआयओचा (म्हणजे बोर्डावरच्या पिनांचा) पत्ता ३एफ२०००००, पाय ४ वर एफई२०००००. पाय १ आणि झिरोवर तोच २०२००००० असतो. वरची ओळ बदला, कंपाइल करा, रिले वाजेल. जमलं तर मॉड्यूलला पॅरामीटर ठेवा आणि बोर्ड बघून पत्ता भरा.

अमळनेर_नाना

भुसावळकरांनी दिलेले तिन्ही पत्ते बरोबर आहेत. रिले वाजेलही. पण मला त्या पॅरामीटरची भीती वाटते, आणि त्याहून जास्त भीती मॉड्यूल बिनबोभाट लोड झाला याची वाटते. आधी ते सांगतो.

कर्नलला त्याच्या स्वतःच्या रॅमचा पत्ता आयओरीमॅपमध्ये दिला तर एआरएमवर (या बोर्डाच्या जातीच्या प्रोसेसरवर) तो चक्क नकार देतो आणि लॉगमध्ये इशारा टाकतो. तुम्हाला इशारा आला नाही. का? सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) प्रॉकमधलं आयओमेम, म्हणजे कर्नलची पत्त्यांची यादी, वाचा. सुडो न लावता वाचलं तर सगळे पत्ते शून्य दिसतील, गोंधळू नका. ४ जीबीच्या बोर्डावर सिस्टीम रॅमचा पहिला तुकडा ३बी३एफएफएफएफएफ ला संपलेला दिसेल आणि पुढचा ४००००००० पासून सुरू झालेला. मधली जागा ७६ एमबीची आहे. ती व्हिडिओकोअरसाठी, म्हणजे बोर्डावरच्या ग्राफिक्सच्या भागासाठी राखलेली असते. तुमचा ३एफ२००००० नेमका त्या पोटात पडतो. कर्नलच्या हिशेबी ती जागा त्याची नाही, म्हणून तो अडवत नाही. तुम्ही ‘रिले चालू’ म्हणून जे लिहिता ते फर्मवेअरच्या, म्हणजे बोर्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, मेमरीत जातं. बोर्ड गोठणार नाही तर काय होणार.

आता पत्त्याचं मूळ. ब्रॉडकॉमची २०१२ ची बीसीएम२८३५ या (पाय १ च्या) चिपची पेरिफेरल, म्हणजे आतल्या जोडभागांची, पुस्तिका उघडा. तिच्यात जीपीआयओ २०२००००० वर नाही आणि ३एफ२००००० वरही नाही. ती ७ई२००००० सांगते. हा बसचा, म्हणजे चिपच्या आतल्या सामायिक तारांच्या वाटेचा, पत्ता. प्रोसेसरला तीच जागा दुसऱ्या पत्त्यावर दिसते, आणि कर्नल आयओरीमॅप करून तिसराच पत्ता हातात देतो. शेत तेच असतं, पण जुन्या कागदावर सर्व्हे नंबर, एकत्रीकरणानंतर गट नंबर, आणि दोन्ही जुळवायचे तर तक्ता बघावा लागतो, तसं. इथे तो तक्ता म्हणजे डिव्हाइस ट्रीमधली (बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमधली) ‘रेंजेस’ ही ओळ. तिन्ही पत्त्यांच्या चिपच्या डिव्हाइस ट्रीमध्ये जीपीआयओचा नोड ७ई२००००० असाच लिहिलेला आहे. रेंजेसमध्ये मात्र ७ई०००००० समोर एका चिपला २०००००००, दुसरीला ३एफ००००००, तिसरीला एफई०००००० आहे. बेरीज कर्नल करतो. ड्रायव्हरने यातला एकही आकडा माहीत करून घ्यायचा नसतो.

२०११ पर्यंत एआरएमच्या प्रत्येक बोर्डासाठी हे आकडे सीच्या फायलीत लिहिलेले असायचे. त्या पसाऱ्यावर लिनक्स कर्नलच्या लिनस टोरवाल्ड्सने मेलिंग लिस्टवर जाहीर वैताग काढला आणि नंतर एआरएमवाले डिव्हाइस ट्रीकडे वळले. तुमच्या मॉड्यूलमधली पहिली ओळ म्हणजे तोच पसारा, छोट्या प्रमाणात.

चोपडा_एम्बेडेड

नाना, मग सरळ प्लॅटफॉर्म ड्रायव्हर करून डेव्हएम_प्लॅटफॉर्म_आयओरीमॅप_रिसोर्स वापरावं ना? पत्ता ट्रीमधून आपोआप येईल. व्होलाटाइलच्या जागी रीडएल, रायटएल ही कर्नलची वाचायची-लिहायची फंक्शन.

अमळनेर_नाना

चोपडेकर, तुमचं स्वतःचं हार्डवेअर असतं, समजा बाहेरून जोडलेलं एफपीजीए (आपल्याला हवी तशी जुळवायची चिप), तर हेच उत्तर. इथे ईबिझी, म्हणजे ‘जागा व्यापलेली’ ही चूक, येईल. जीपीआयओची ती जागा कर्नलच्या पिनकंट्रोल ड्रायव्हरने आधीच नावावर करून घेतलेली आहे, आणि डेव्हएमवालं फंक्शन मॅप करण्याआधी जागा मागतं. जुना कोड न मागता घुसतो म्हणून त्याला कोणी अडवलं नाही. ईबिझी आली की लोक चिडून पुन्हा साध्या आयओरीमॅपवर जातात. असं करू नका. त्या रजिस्टरवर (चिपमधल्या नियंत्रणाच्या खणांवर) एकाच वेळी दोन ड्रायव्हर लिहायला लागले तर कुठली पिन कोणी बदलली ते शोधत बसाल.

रीडएल-रायटएल मात्र कुठेही वापरा. त्यांच्यात बॅरिअर, म्हणजे वाचन-लेखनाचा क्रम राखणारे अडसर, असतात. या चिपवर एका पेरिफेरलवरून दुसऱ्यावर जाताना बॅरिअर लागतो, हे त्या पुस्तिकेतच लिहिलंय. नुसत्या व्होलाटाइलने कंपायलर गप्प बसतो, बस गप्प बसत नाही.

सावदा_चेंबर

नाना, कळलं तेवढं कळलं. पण मजूर उभे होते म्हणून आधी भुसावळकरांचं केलं. एफई२००००० टाकलं आणि रिले खटाखट वाजले! पंखे फिरले.

आता नवीनच. दार सताड उघडं असलं तरी स्क्रीनवर ‘बंद’ दिसतं. स्विच बदलून पाहिला, वायर तपासली. स्विच १७ नंबरच्या पिनवर आहे, दार बंद झालं की पिन ग्राउंडला जोडली जाते. जुन्या बोर्डावर कधीच त्रास नव्हता. दार उघडं असताना व्हॉल्व्ह बंद राहायला हवा, म्हणून हे तसंच सोडता येत नाही.

अमळनेर_नाना

वाटच बघत होतो. पत्ता बदलला की सगळं जुळतं असं वाटतं, कारण बरचसं खरंच जुळतं. पिनचं काम ठरवणारी रजिस्टरं मूळ पत्त्यापासून ० वर, सेट १सी वर, क्लिअर २८ वर, पातळी वाचायची ३४ वर. हे तिन्ही चिपवर सारखं. म्हणून रिले वाजले.

पुल-अप, म्हणजे मोकळी पिन आतूनच वर (१ कडे) ओढून धरणं, सारखा नाही. जुन्या चिपवर ९४ वर काय हवं ते लिहायचं, १५० सायकल थांबायचं, मग ९८ वर त्या पिनला क्लॉक द्यायचा, पुन्हा थांबायचं. पाय ४ च्या बीसीएम२७११ चिपवर हा सगळा सोपस्कारच काढून टाकला. तिथे ई४ पासून चार रजिस्टरं आहेत, प्रत्येक पिनला दोन बिट, सरळ लिहा. आणि गंमत बघा, आकड्यांचा अर्थही फिरवलाय. जुन्यात १ म्हणजे खाली ओढा, २ म्हणजे वर ओढा. नव्यात १ वर, २ खाली. म्हणजे कोणी नुसता ऑफसेट बदलून जुनाच आकडा लिहिला तर उलटंच होणार.

तुमचा कोड अजून ९४ वर लिहितोय, तिथे ऐकायला कोणी नाही. १७ नंबरची पिन रीसेटनंतर मुळातच खाली ओढलेली असते. दार उघडं असो की बंद, वाचताना शून्यच.

आज रात्रीपुरतं: कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ=१७=आयपी,पीयू ही ओळ टाका, अर्थात इंग्रजी लिपीत, आणि रीबूट करा. फर्मवेअर बूट होतानाच पुल-अप लावून देईल.

कायमचं: रजिस्टरला हात लावणारा भाग काढा. स्क्रीनचं सॉफ्टवेअर तुमच्याच कॅरेक्टर डिव्हाइसमधून (मॉड्यूलने उघडून दिलेल्या फाइलमधून) वाचत असेल तर तो दरवाजा तसाच ठेवा, आत फक्त जीपीआयओडीची (कर्नलची पिना हाताळायची) फंक्शन वापरा. छोटी ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला जोडायची पुरवणी) लिहा: रिले कुठल्या पिनवर, दार कुठल्या पिनवर, दाराला बायस-पुल-अप. पिनकंट्रोल ड्रायव्हर ‘२८३५’ आणि ‘२७११’ अशी दोन वेगळी कंपॅटिबल नावं ओळखतो आणि वरची सगळी उलटापालट तोच सांभाळतो. जुन्या पद्धतीने ब्रॉडकॉमच्या ‘पुल’ या गुणधर्मात २ लिहिलं तरी तो २७११ साठी आकडा फिरवून घेतो, इतकी काळजी त्या लोकांनी घेतलीय. ती परत आपण कशाला घ्यायची?

आणि ती डीएमएवाली फाइल. तिच्यात बफरचा पत्ता कसा काढलाय?

सावदा_चेंबर

केमॅलॉकने मेमरी मागितली, मग व्हर्ट_टू_फिजने तिचा प्रोसेसरचा पत्ता काढला, आणि त्याला सी००००००० ऑर केलंय (दोन्हींचे बिट एकत्र केलेत). सध्या गॅसचे आकडे बरोबर येतात, म्हणून ती फाइल उघडलीच नव्हती.

अमळनेर_नाना

आजच बंद करा ती.

डीएमए इंजिनाला प्रोसेसरचे पत्ते दिसत नाहीत, बसचे दिसतात. पाय २ पासून रॅमचा पहिला १ जीबी त्याला सी००००००० पासून पुढे दिसतो. तो ऑर त्यासाठी. पाय ३ मध्ये रॅमच १ जीबी, त्यामुळे हिशेब कधी चुकलाच नाही. पाय ४ वर एसपीआयच्या वाट्याला येणारं साधं डीएमए इंजिन अजूनही तेवढाच १ जीबी बघतं, पण बोर्डावर ४ जीबी आहे आणि ६४ बिट कर्नलमध्ये केमॅलॉक कुठलाही तुकडा देऊ शकतो. समजा ५००००००० चा दिला. त्याला सी००००००० ऑर केलं की डी०००००००. इंजिनाच्या लेखी ते रॅममधलं १०००००००. गॅसचं रीडिंग तिथे जाऊन पडणार, आणि तिथे कोणाचं काय असेल ते देव जाणे. आज तुकडा खालचा मिळालाय म्हणून आकडे बरोबर दिसतात. सिस्टीम भरली की एखाद्या दिवशी फाइल सिस्टीमच खराब होईल आणि तुम्ही एसडी कार्डाला दोष द्याल.

डीएमए_मॅप_सिंगल किंवा डीएमए_अलॉक_कोहेरंट वापरलं की इंजिनाला किती दिसतं ते कर्नल ट्रीमधल्या ‘डीएमए-रेंजेस’ वरून बघतो आणि गरज पडल्यास खालच्या भागात बफर देतो. परत मिळणारा पत्ता डीएमए_ॲडर_टी मध्येच ठेवा, अनसाइन्ड इंटमध्ये नको. पण तुम्हाला तेही लागत नाही. एमसीपी३२०८ चा ड्रायव्हर कर्नलच्या आयआयओमध्ये (सेन्सर-एडीसीच्या विभागात) तयार आहे, त्याची ओव्हरलेही मिळते. फाइल उडवा.

धुळे_जिनिंग

विषय थोडा बाजूचा, पण आमच्या इकडे पीसीवाल्यांना हेच भोवतं. जिनिंगमध्ये गाठी मोजायला पीसीआय काउंटर कार्ड आहे. त्याच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये कार्डचा पत्ता छापलेला होता. दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि बायोसने पत्ते नव्याने वाटले, काउंटर बंद. पीसीआयमध्ये पत्ता कार्डच्या बारमधून (पत्ता नोंदवलेल्या रजिस्टरमधून) वाचायचा. पीसीआय_आयओमॅप आणि आयओरीड३२ वापरलं तर बार मेमरीचा आहे की पोर्टचा हेही बघावं लागत नाही. प्रिंटर पोर्ट ३७८ वरच मिळणार, हे दिवस गेले. आणि पीसीआयवर लिहिलेलं वाटेत थांबू शकतं, म्हणून लिहून झाल्यावर त्याच कार्डवरचं एक रजिस्टर वाचून घ्या.

सावदा_चेंबर

कॉन्फिगची ओळ टाकली, दार बरोबर दाखवतंय. डीएमएवाला मॉड्यूल काढला, गॅसचं तात्पुरतं मीटरवर बघतोय. ओव्हरले लिहायला बसतो. एक शंका: पुढच्या हंगामात आणखी दोन खोल्या वाढणार, तिथे पाय ५ घेतलं तर?

अमळनेर_नाना

पाय ५ वर जीपीआयओ मुख्य चिपमध्येच नाही. आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमध्ये आहे आणि ती पीसीआय एक्स्प्रेसने जोडलेली आहे. पत्ताही वेगळा, रजिस्टरंही वेगळी. एफईचा पत्ता तिथे काहीच कामाचा नाही. ओव्हरले आणि जीपीआयओडीवर गेलात तर मॉड्यूलचा कोड तसाच राहील, ओव्हरलेमध्ये थोडी डागडुजी लागेल.

जाता जाता: तुमचे रिले लो-ट्रिगर (पिन खाली गेली की चालू होणारे) असतील तर व्हॉल्व्हचा रिले कुठल्या पिनवर आहे ते बघा. बूट होताना ० ते ८ या पिना वर ओढलेल्या असतात आणि ९ ते २७ खाली. ड्रायव्हर लोड होईपर्यंत पिन तशीच राहते. व्हॉल्व्ह ९ किंवा त्यापुढच्या पिनवर असेल तर ३.३ व्होल्टला बाहेरून १० के चा रेझिस्टर लावा, आणि पहिला बूट सिलिंडर हाताने बंद करून घ्या.