अनुभव धागा: पुस्तक स्कॅन झालं, मग पुढे कुठे अडलं?

आमच्या ठाण्याच्या ग्रुपने तीन वर्षांपूर्वी जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडातल्या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात, आणायला घेतली. स्कॅनिंग दोन रविवारांत उरकायचं आणि मग पुस्तक वर्ष-दीड वर्ष तसंच पडून. परवा मोजलं, चौदातली तीन पूर्ण झालीत. फार वाईट वाटलं. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी नेमकं कुठे अडलं ते लिहा.

माझं सांगते. दुसरं वाचन. एकाने पान मूळ पुस्तकाशी ताडून तपासलं की त्याची खूण पिवळी होते, ती हिरवी म्हणजे पक्की करायला दुसरं माणूसच लागतं, आपलं पान आपल्याला प्रमाणित करता येत नाही आणि ते बरोबरच आहे. पण कोरं पान घ्यायला सगळे पुढे, कुणी वाचून ठेवलेलं परत वाचायला कुणी नाही. २१२ पानं पिवळी होऊन बसली होती. शेवटी नौपाड्यातल्या एका काकूंशी ठरवलं, रोज रात्री जेवणं झाली की मी त्यांची पाच बघायची आणि त्यांनी माझी पाच. महिन्याभरात पुस्तक हिरवं!

*

वाशीहून लिहितोय. आमचं शुद्धलेखनात अडलं. पुस्तक १९६२ च्या नियमांच्या आधीचं, म्हणजे 'त्यानें', 'घरांत', 'कांहीं' असं छापलेलं. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, निम्मे अनुस्वार खातं आणि उरलेले आमचीच मंडळी चूक समजून काढून टाकायची, त्यामुळे एका पानावर 'घरांत' तर पुढच्यावर 'घरात', चाळीस पानं पहिल्यापासून करावी लागली हो. आता नवीन माणूस आला की आधी हेच सांगतो की बाबा, छापलंय तसंच ठेव, सुधारू नकोस. अजून एक, 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला अगदी सारखा, पण शोधायला गेलं की एका पद्धतीचेच शब्द सापडतात. कुठला वापरायचा ते सुरुवातीलाच ठरवा, आमचे दोन महिने त्यात गेले.

*

ऐरोली. पावसाळा! जून ते सप्टेंबर जुनी पुस्तकं उघडायचीच नाहीत असं ठरवलंय, कागद ओलसर होऊन पानं चिकटतात, सोडवायला गेलं की शाईच निघून येते. आमचं एक पुस्तक सहा महिने झाले पिवळंच आहे, दुसरं वाचायला माणूस नाही.

*

कोपरीत राहतो. आमचं कॉपीराइटने अडलं. लेखक जाऊन ६० वर्षं उलटली होती, म्हणजे कॉपीराइट संपला, म्हणून बिनधास्त अख्खं पुस्तक चढवलं, नंतर लक्षात आलं की प्रस्तावना दुसऱ्याची आहे आणि ते गृहस्थ १९७१ ला वारले. म्हणजे ती आठ पानं १ जानेवारी २०३२ पर्यंत थांबणार. ती काढून फाइल नव्याने करायची, पानांचे नंबर सरकवायचे, हे सगळं एकाच मुलाला जमत होतं आणि त्याची परीक्षा चालू. चार महिने गेले. मुखपृष्ठ, चित्रं, प्रस्तावना, भाषांतर, प्रत्येक कुणाचं आहे ते वेगवेगळं बघा, तेही स्कॅनच्या आधी.

*

मी कळव्याची. इंग्रजी पुस्तकांसाठी डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्सवर, म्हणजे स्वयंसेवक मिळून स्कॅन केलेली पुस्तकं तपासतात त्या साइटवर, वाचायचे. २००० पासून चालू आहे ते, तिथे पान तीनदा वाचतात, दोनदा फॉरमॅट करतात आणि शेवटी अख्खं पुस्तक जोडायला एकच माणूस. माणसं कमी पडतात ती शेवटच्या टप्प्यांना. आपल्याकडेही तेच. आमचं पुस्तक जोडायला घेतलं तेव्हा कळलं की ११२ आणि ११३ ही पानं स्कॅनच झाली नाहीत, दोन पानं एकदम उलटली गेली होती. मूळ प्रत ज्यांची होती ते घर बदलून गेलेले. दुसरी प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात मिळाली, १८९३ पासूनची संस्था आहे, तिथे बसून ती दोन पानं हाताने उतरवून घेतली. आता स्कॅन झालं की त्याच संध्याकाळी दोघी बसतो, एक पुस्तकातला पाननंबर मोठ्याने वाचते, दुसरी स्क्रीनवर बघते. वीस मिनिटं लागतात.

*

मी, धागा सुरू करणारी. कळव्याच्या ताई, हे आम्हीही या रविवारपासून करतो. आणि ऐरोलीकर, तुमच्या पुस्तकाची पहिली पाच पानं आज रात्री मी घेते, लिंक टाका.