नाशिकमध्ये पायऱ्या न चढता लांबवरचं दिसेल अशा जागा सुचवा (वडिलांसाठी)

लेकबाबांची
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझे बाबा कळवण तालुक्यातले, आख्खं आयुष्य शेतात गेलं, आता आईच्या माघारी आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आलेत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर काठी घेऊन छान चालतात पण पायऱ्या चढणं डॉक्टरांनी बंद केलंय. घरात बसून पार कोमेजलेत हो. समोर बिल्डिंग, मागे बिल्डिंग. बागेत नेलं तर दोन चकरा मारतात नि म्हणतात चल घरी, इथं काय बघायचं. त्यांना डोंगर, पाणी, शेतं असं लांबवरचं दिसलं पाहिजे, मगच बोलायला लागतात. मध्ये सप्तशृंगी गडावर नेलं होतं, तिथे 2018 पासून ट्रॉली आहे त्यामुळे चढायची चिंता नव्हती, समोर मार्कंड्याचा डोंगर दिसला आणि जे बोलायला लागले ते घरी येईपर्यंत थांबले नाहीत, लहानपणी चैत्रातल्या यात्रेला पायी कसे जायचे ते सगळं सांगितलं. पण दर आठवड्याला गडावर नाही ना जाता येत. शहरात किंवा जवळपास असं काही आहे का? बसायला जागा हवी, शक्यतो बाथरूम हवं. गाडी फक्त रविवारी असते, बाकी दिवस रिक्षा. आठ वर्षांचा मुलगाही सोबत असेल, त्याला पाणी दिसलं की बास.

गोदाकाठ
ताई, शहरात ट्रॉलीने वर जाऊन बघायचं असं काही नाही, म्हणून उंचीचा नाद सोडा आणि पाण्याकडे चला. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बोट क्लब आहे, संध्याकाळी चारनंतर जा, पाणी आणि मागे डोंगर, बाबा खुश होतील आणि मुलगाही. सोमेश्वरला महादेवाचं दर्शन घ्या, पण धबधब्याच्या खडकांवर त्यांना अजिबात नेऊ नका, शेवाळ असतं आणि धरणातून विसर्ग वाढला की पाणी भसकन चढतं. पावसाळ्यात पूर आला की गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलंय ते बघायला आख्खं नाशिक जमतं, ते त्यांना लांबून पुलावरून दाखवा. घाटावर उतरू नका, पायऱ्या ओल्या असतात आणि 2027 च्या कुंभाची कामंही आहेत.

म्हसरूळकर
रोजच्यासाठी गोल्फ क्लब मैदान, म्हणजे आपलं अनंत कान्हेरे मैदान. ट्रॅक सपाट, सकाळी ज्येष्ठांची गर्दी असते, बाबांच्या वयाची माणसं भेटतील. ओळखी झाल्या की बाबा स्वतःच म्हणतील चल म्हणून. तुमच्या जवळचं म्हणाल तर पांडवलेणीचा पायथा. वर 24 लेणी आहेत, तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, पण चढ बराच आहे, बाबांसाठी नाही. पायथ्याला नेहरू वनोद्यान आहे, तिथे सावलीत बसा, मुलाला घेऊन घरातलं कुणीतरी वर जाऊन येईल. बाबांना एकटं ठेवू नका मात्र.
आणि रविवारी त्र्यंबक रोडने पुढे पहिनेकडे जा, गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नाही, रस्त्यावरूनच डोंगर दिसतात. पावसाळ्यात शनिवार-रविवार नको, ट्रॅफिकमध्ये अडकाल.

निफाडचा_पक्षीवेडा
तुम्ही सगळे डोंगर सांगताय, पण शेतकरी माणसाला नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य दाखवा हो! गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं पाणी, आजूबाजूला ऊस, कांदा, द्राक्षबागा, सगळं सपाट. 2020 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा आहे ही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी लवकर पोहोचा, थापट्या, तलवार बदकं, नशीब असेल तर क्रौंचांचा थवा. मनोऱ्यावर चढायची गरज नाही, काठावरून भरपूर दिसतं. दुर्बीण न्या.

लेकबाबांची
खूप खूप आभार सगळ्यांचे, वाचूनच बरं वाटलं. बाबांना नांदूरमध्यमेश्वरचं वाचून दाखवलं तर पहिला प्रश्न आला, "तिकडं उसाला पाणी कुठलं?" 😊 म्हणजे जायचं नक्की! पण तिथे बसायची सोय कशी आहे, आणि चहा-नाश्ता काही मिळतं का?

निफाडचा_पक्षीवेडा
उसाला पाणी तिथल्याच कालव्यांचं, ब्रिटिशकाळापासूनचे कालवे आहेत, काकांना सांगा. बसायला घरून घडीची खुर्ची न्याच, काठावर नेमकी हवी तिथे मांडता येते. डबा आणि चहाचा थर्मास सोबत ठेवा, आत खायला काही मिळेल या भरवशावर राहू नका. निफाडवरून जाणार असाल तर बाथरूमचं तिथेच उरकून घ्या. स्वेटर आणि कानटोपी विसरू नका, निफाडची थंडी म्हणजे थंडी.